स्वतःच्या घरी वार नाही

त्या ख्रिस्ती मंडळीत मावशीला नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती. पाळकसाहेबांचीसुद्धा नव्हती, मग बाकीच्यांचं काय घेऊन बसलात! बाई उंचीने बेताची, अंगाने काटकुळी, पण उपासना सुटल्यावर प्रार्थनागृहाच्या दारात उभी राहिली की भल्याभल्यांना पळता भुई थोडी व्हायची. "तुम्ही गुरुवारी दुपारी मोकळे असता ना?" असं तिने गोड आवाजात विचारलं की समोरच्याने समजून जायचं, आपला गुरुवार गेला.

सकाळी नऊ ते एक ती एका शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करायची. एक वाजला की सुई उशीत खोचायची, दोन घास पोटात ढकलायचे आणि दोनच्या ठोक्याला कुणातरी आजाऱ्याच्या उशाशी हजर व्हायचं. मंडळीतलं कुणीही अंथरुणाला खिळलं, तर रोज दुपारी दोन ते सहा त्याच्याजवळ कुणीतरी बसलंच पाहिजे, ही पद्धत तिनेच घालून दिलेली. कुणाचा वार कुणाकडे, ते दाराशेजारच्या तक्त्यावर लिहिलेलं असायचं. बसायचं म्हणजे नुसतं बसायचं. सूप भरवायचं, उशी सारखी करायची, ऐकायला आवडत असेल तर चार ओळी वाचायच्या, नसेल आवडत तर गप्प राहायचं, आणि निघताना हात धरून प्रार्थना करायची. चौदा वर्षांत एक दुपार रिकामी गेली नव्हती. आहे कुणाची छाती असं सांगायची?

तक्त्याखाली एकच नियम लिहिला होता: स्वतःच्या घरी वार नाही. हा नियम काही उगाच आला नव्हता. फार पूर्वी मंडळीतली एक बाई नवऱ्याच्या उशाशी सात आठवडे बसून बसून स्वतःच कोसळली आणि नवऱ्याआधी गेली. घरच्यांनी त्या चार तासांत झोपावं, कामाला जावं, दुसऱ्या कुणाकडे जाऊन बसावं, पण आपल्या माणसाजवळ नाही. सगळ्यांना पटलेलं होतं. दुसऱ्या मंडळ्यांतले लोक येऊन तो तक्ता बघून जायचे. मावशी वरवर म्हणायची, "सगळं प्रभूचं," पण तक्त्याकडे बघताना तिची मान जराशी ताठ व्हायची, हेही खरं.

तिचा नवरा पुस्तकं बांधायचा. सगळे त्याला बाइंडरच म्हणत. भला माणूस, कमी बोलणारा, पण बोलला की समोरच्याची हसून मुरकुंडी वळवणारा. मूलबाळ झालं नाही. पहिली काही वर्षं दोघं एकमेकांना चोरून रडली. मग मावशीने डोळे पुसले आणि अख्खी मंडळी पदरात घेतली. रात्री आठला ती घरी यायची तेव्हा बाइंडर जेवण गरम करून ठेवायचा आणि विचारायचा, "आज किती जणांना बरं केलंस?"

अशा माणसाचं लिव्हर गेलं. दारूचा थेंब कधी न चाखलेल्या माणसाचं! आता याला काय म्हणायचं? डोळे पिवळे झाले, पोट फुगलं, पाय सुजले. मोठ्या इस्पितळात सगळ्या तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी मावशीला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि स्वतःही शेजारी बसल्या. डॉक्टर शेजारी बसला की काय समजायचं, ते मावशीला चांगलं ठाऊक होतं.

"जगतील दोन महिने, कदाचित अडीच," बाई म्हणाल्या. "पण त्यातले पहिले तीन-चार आठवडेच त्यांचं डोकं शाबूत राहील. शरीरातलं विष आता बाहेर पडत नाही, ते डोक्यात चढेल. मग माणसं ओळखू येणार नाहीत. नवरा-बायकोला जे काही बोलायचं असतं ना, ते आत्ता बोलून घ्या. नंतर बोलू म्हणू नका."

मावशीने होय म्हणून मान हलवली. परतीच्या बसमध्ये तिने नवऱ्यापासून काही लपवलं नाही, सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, "चला, म्हणजे चार आठवडे गप्पा. एकतीस वर्षांत तू मला बोलू कुठे दिलंस?" ती रडता रडता हसली. त्याने तिच्या हातावर हात ठेवला. "थट्टा नाही करत. बरंच बोलायचंय तुझ्याशी. पण असं धक्के खात नको. एकदा निवांत बस माझ्याजवळ."

"बसते ना," ती म्हणाली.

आणि रविवारी तिने काय केलं? तक्त्यावर नवऱ्याचं नाव लिहिलं, त्याच्यासमोर सहा दिवसांची नावं लिहिली, आणि स्वतःचे सहाही दिवस हेडबाईंच्या घरी लावले. हेडबाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. खुब्याचं हाड मोडून पडलेल्या आणि जिभेने अशा तिखट की त्यांच्याकडे दुसऱ्यांदा जायला कुणी धजत नसे.

नणंदेला हे कळलं तेव्हा ती तडक शिंप्याच्या दुकानात येऊन थडकली.

"वहिनी, माझा भाऊ मरायला टेकलाय आणि तुम्ही त्या म्हातारीचे पाय चेपताय? अक्कल काय गहाण ठेवलीत?"

"हळू बोला. गिऱ्हाइकं आहेत."

"असू देत! त्यांनाही कळू दे. भाऊ माझा काय मंडळीच्या मालकीचा आहे?"

"त्यांच्याजवळ रोज कुणी ना कुणी असतं, ताई. सकाळी मी त्यांना अंघोळ घालते, औषधं देते, कपडे बदलते. रात्री मीच असते. मी काय त्यांना टाकलंय?"

"सकाळी तुमची धावपळ, रविवारी दिवसभर मंडळी, आणि रात्री तो औषधाने गाढ झोपलेला. बोलता कधी त्याच्याशी?"

मावशीने काजाचा टाका घातला आणि दोरा दाताने तोडला.

पाळकसाहेबांनीही आडून आडून प्रयत्न केला. तरुण माणूस, मावशीला जरा घाबरूनच असायचा. म्हणाला, "मावशी, प्रभूसुद्धा गर्दी सोडून बाजूला जायचे हो. सगळे आजारी तसेच मागे ठेवून जायचे. सेवेलाही कुठेतरी तोल हवा."

"ते प्रार्थनेला जायचे, साहेब. घरी बसायला नाही." मावशीने त्याला तिथल्या तिथे गप्प केलं. "मी लोकांना चौदा वर्षं सांगत आले की स्वतःच्या घरी वार नाही. आपल्या मंडळीतल्या कंडक्टरना त्यांची आई मरत असताना मी परक्याच्या घरी पाठवलं. तेव्हा ते हूं की चूं न करता गेले. आता माझ्यावर पाळी आली तर मी नियम मोडू? कुठल्या तोंडाने उभी राहू त्यांच्यासमोर?"

बाई बोलत होती ते खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं. तिची चूक कुठे होत होती, ते त्या दिवसांत तिला कुणी नीट सांगितलं नाही. आपण स्वतःला नाकारायचं, आपलं सुख मागे ठेवायचं, हे ती लहानपणापासून शिकत आली होती आणि मनापासून पाळत आली होती. नवरा म्हणजे तिला आपणच वाटायचा. त्याच्यात आणि आपल्यात तिने कधी फरकच केला नाही. म्हणून स्वतःला मागे ठेवताना तिने त्यालाही मागे ठेवलं. स्वतः उपाशी राहणाऱ्या माणसाने शेजारी बसलेल्याचंही ताट उचलून दुसऱ्याला द्यावं, तसं झालं. आणि शेजारचा शहाणा इतका की त्याने हात पुढे करून ताट धरलं नाही.

तिने मनाशी एक मुदत ठरवली होती. तीन आठवड्यांनी मंडळीचा वर्धापनदिन होता. तो एकदा पार पडला की तक्ता महिनाभर दुसऱ्या कुणाकडे सोपवायचा आणि घरी बसायचं. नियम मोडायचा नाही, तक्त्यावरून आपलं नावच काढून घ्यायचं. म्हणजे कुणाला बोलायला जागा नको. तिने नवऱ्यालाही तसं सांगितलं. "तीन आठवडे कळ काढा. मग मी आहे आणि तुम्ही आहात."

"चालेल," बाइंडर म्हणाला. "मी कुठे पळून चाललोय?"

आजाऱ्याला कुणी ठराविक माणूस बसायला हवा असेल, तर प्रार्थनागृहातल्या लाकडी पेटीत चिठ्ठी टाकायची सोय होती. दर शनिवारी संध्याकाळी मावशी पेटी उघडायची, कंडक्टर शेजारी बसून चिठ्ठ्या वाचायचे. कंडक्टर म्हणजे तीस वर्षं बसची घंटी वाजवून निवृत्त झालेला माणूस, अजूनही सगळ्यांना "पुढे सरका" म्हणायची सवय. बाइंडरकडे बुधवार आणि शुक्रवार त्यांचाच असायचा. दुसऱ्या शनिवारी पेटीतून एक चिठ्ठी निघाली. कागद चारी बाजूंनी कसा काटकोनात कापलेला, अक्षर थरथरतं.

आजारी: बाइंडर. कोण यावं: मावशी. किती वेळ: एक दुपार.

मावशी खळखळून हसली. "बघा, बघा कंडक्टर! माणसाला उठून बसता येत नाही, पण थट्टा सुचते. तुमच्याच हातून टाकली ना ही?"

कंडक्टर हसले नाहीत. "मावशी, ते थट्टा करत नव्हते. अर्धा तास लागला त्यांना लिहायला."

"मी ओळखते हो त्यांना," ती म्हणाली आणि चिठ्ठी पर्समध्ये ठेवून दिली.

रविवारी सकाळी नवऱ्याची दाढी करताना तिने विषय काढला. "मिळाली बरं का तुमची चिठ्ठी, चावट कुठले. सगळ्यांसमोर माझं हसं करताय होय?"

त्याने साबण लागलेल्या तोंडाने तिच्याकडे बघितलं. "नियमात बसत नाही?"

"नाही ना."

"मग राहू दे," तो म्हणाला, आणि दाढी नीट व्हावी म्हणून हनुवटी वर केली.

त्यानंतरच्या बुधवारची गोष्ट. वर्धापनदिनाला अजून चार दिवस होते. मावशी हेडबाईंना वर्तमानपत्र वाचून दाखवत होती आणि हेडबाई तिचे उच्चार सुधारत होत्या. चारच्या सुमाराला दारावर थाप पडली. बघते तर कंडक्टर, घामाघूम, छातीचा भाता झालेला.

"तुम्ही इथे कसे? त्यांच्याजवळ कोण आहे?"

"शेजारीण बसलीय. मावशी, तुम्ही चला. त्यांनी दोन वाजल्यापासून मला तीनदा विचारलं, तुम्ही कोण म्हणून. मी आपलं म्हटलं, झोपेत असतील. मग म्हणाले, माझी आई बाजारातून आली का? मावशी, त्यांची आई जाऊन वीस वर्षं झाली ना?"

मावशी म्हणाली, "पण अजून तीन आठवडे झाले नाहीत. डॉक्टरीणबाई चार म्हणाल्या होत्या." जणू डॉक्टरीणबाईंनी तिला लेखी हमी दिली होती! हातातला पेपर तिने नीट घडी करून ठेवला, का ते तिलाच ठाऊक. हेडबाईंना तोवर बाइंडरच्या दुखण्याचा पत्ताच नव्हता, मावशीने कधी सांगितलंच नव्हतं. त्या पलंगावरून कडाडल्या, "मूर्ख बाई, चालती हो इथून!" आणि मग, ज्या म्हातारीच्या डोळ्यांत कुणी कधी पाणी बघितलं नव्हतं, ती तोंड फिरवून रडू लागली.

मावशी चप्पल हातात घेऊनच पळाली. चार गल्ल्या, एक चौक, तीन जिने. वाटेत ती प्रभूशी बोलत होती, पण ती काही प्रार्थना नव्हती, नुसती गयावया होती. फक्त आजची संध्याकाळ दे. एक तास दे. तक्ता जाळते, पेटी फोडते, तू म्हणशील ते करते, पण त्यांना एक तास शुद्धीवर ठेव.

खोलीत आली तेव्हा बाइंडर उशांना टेकून शांत बसला होता. डोळे उघडे, चेहरा हसरा. मावशीचा जीव भांड्यात पडला. शेजारणीला तिने खुणेनेच जायला सांगितलं, खुर्ची पलंगाला चिकटवली आणि बसली. किती दिवसांनी बसली होती ती त्या खुर्चीवर! तिला ती खुर्ची परक्याच्या घरातली वाटली. इतक्या जणांच्या बुडाखाली ती मऊ झाली होती.

"अहो," ती म्हणाली. "मी आले."

"या, या," बाइंडर म्हणाला. "मंडळीतून आलात ना? आज तुमचा वार वाटतं."

मावशीने त्याचा हात धरला. "अहो, मी आहे. तुमची मी."

"तुम्ही सगळे फार करता हो आमच्यासाठी," तो म्हणाला. परक्या बाईने हात धरल्यामुळे तो जरा अवघडला होता, पण वाईट वाटू नये म्हणून त्याने हात तसाच राहू दिला. "रोज कुणीतरी येतं. परवा एक जण आले होते, सारखे मला पुढे सरका म्हणायचे. आता पलंगावर पुढे कुठे सरकू?" तो हसला. तेच ते हसू, एकतीस वर्षांचं.

"माझ्याकडे बघा ना," मावशी म्हणाली. "नीट बघा. ओळखा की मला. मी तुमची बायको."

त्याने खरंच नीट बघितलं. कपाळाला आठ्या घालून, पुस्तकाची शिवण तपासावी तसं बारकाईने बघितलं. मग मान हलवली. "नाही हो. माझी बायको दुपारची घरी नसते. दुपारी तिचा वार असतो, लोकांकडे. तिला फार कामं." तो थोडा पुढे झुकला, आवाज खाली आणला. "लोक तिला बोलतात, माहितीय मला. माझी बहीणच बोलते. पण तुम्ही काही बोलू नका हं तिला. ती मनाने फार चांगली आहे."

बाहेरच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"तुम्हाला तिच्याशी बोलायचं होतं ना?" शेवटी तिने विचारलं. "काय बोलायचं होतं? मला सांगा. मी सांगते तिला. शब्द न् शब्द सांगते."

बाइंडरचा चेहरा क्षणभर उजळला. ओठ हलले. पण मग तो लाजल्यासारखा हसला. "ते तिलाच सांगायचंय. नवरा-बायकोतलं असतं हो काही. तुम्हाला कसं सांगू? राग मानू नका."

"नाही मानत," ती म्हणाली, आणि तिला रडू आवरेना. चौदा वर्षांत किती मरणाऱ्यांजवळ ती बसली असेल, पण आजाऱ्यासमोर ती कधी रडली नव्हती. इतरांनाही रडू द्यायची नाही. आता ती त्याच्या पांघरुणात तोंड खुपसून ओक्साबोक्शी रडत होती, आणि पांघरुणाला औषधाचा, साबणाचा आणि त्याचा वास येत होता.

बाइंडर घाबरला. मग तो तिच्या डोक्यावरून अलगद हात फिरवू लागला. डिंकाने आणि कात्रीने राठ झालेला तो हात आता हलका, कागदासारखा झाला होता.

"ताई," तो म्हणाला. "असं काय करता? तुमच्या घरी कुणी आजारी आहे का?"

तिने पांघरुणातच मान हलवली.

"कोण?"

"नवरा."

"फार आजारी आहे?"

"फार."

तिच्या डोक्यावरचा हात थांबला. मग बोलला तेव्हा त्याच्या आवाजात राग होता. एकतीस वर्षांत त्याने तिच्यावर कधी आवाज चढवला नव्हता.

"मग तुम्ही इथे काय करताय?"

तिने तोंड वर केलं.

"घरी जा," तो म्हणाला. "माझं ठीक चाललंय. मला माणसांची कमी नाही, उद्या दुसरं कुणीतरी येईल. तुम्ही त्याच्याजवळ जाऊन बसा. तो बिचारा दाराकडे डोळे लावून पडला असेल. जा ना ताई, उठा."

ती उठली नाही. उठून जाणार तरी कुठे होती? तो वाट बघून दमला. ऐकत नाहीत लोक, असं काहीतरी पुटपुटला, तिच्या हातातून आपला हात हळूच सोडवून घेतला, तिच्याकडे पाठ करून कुशीवर वळला आणि दाराकडे बघत पडून राहिला.